मित्राच्या डिस्क गोल्फ स्पर्धेत कॅडी होताना: आदल्या रात्रीपासून स्कोअरकार्डापर्यंत

डिस्क गोल्फ म्हणजे चकती (डिस्क) फेकत फेकत कमीत कमी थ्रोंत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ. टीपासून, म्हणजे पहिला थ्रो करायच्या जागेपासून, बास्केटपर्यंतचा एक टप्पा तो एक होल, आणि खेळाडूची बॅग वाहणारा मदतनीस तो कॅडी. स्पर्धेत मित्राची बॅग उचलायला 'येतो की' म्हणून टाकणं सोपं आहे. पुढे बहुतेक जण दोनपैकी एका टोकाला जातात. काही जण सहलीला आल्यासारखे मागून फिरतात आणि डिस्क मागितली की बॅगेत हात घालून शोधत बसतात. काही जण पहिल्याच टीवर गुरुजी होतात आणि चौथ्या होलपर्यंत मित्राला नकोसं करून सोडतात. नुकसान दोन्हींत मित्राचंच, आणि तेही आकड्यांत दिसणारं, कारण कॅडीने केलेल्या घोळाचा पेनल्टी थ्रो, म्हणजे दंडाचा जादा थ्रो, खेळाडूच्या स्कोअरकार्डावर चढू शकतो.

बे एरियात, ऑस्टिनला, न्यू जर्सीत किंवा आणखी कुठे राहत असाल, ऑफिसातल्या कुणी 'शनिवारी माझा कॅडी होतोस का' म्हणून विचारलं असेल आणि हा खेळ तुम्ही पार्कात गंमत म्हणून दोन-चार वेळाच खेळला असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. नियम सांगताना पीडीजीएच्या, म्हणजे प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशनच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धा समोर ठेवल्या आहेत.

१. होकाराआधी काय ठरवायचं

पहिल्यांदा कामाची व्याप्ती विचारा. दिवसाला एक फेरी की दोन? बॅग पाठीवर घ्यायची की ढकलगाडी आहे? १८ होलांच्या एका फेरीला चार जणांच्या गटात, ज्याला सगळे 'कार्ड' म्हणतात, साधारण तीन ते चार तास जातात. दोन फेऱ्या असतील तर तो अख्ख्या दिवसाचा चढ-उतार आहे. बॅगेत १८-२० डिस्क, पाणी, टॉवेल, छत्री असं धरून आठ-दहा किलो सहज होतं. गुडघा कुरकुरत असेल तर आताच सांगा. नवव्या होलवर सांगून काही उपयोग नाही.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, आणि तोच कुणी विचारत नाही: 'मी बोलायचं किती?' काही खेळाडूंना प्रत्येक थ्रोआधी दुसरं मत हवं असतं. काहींना फक्त अंतर आणि वारा पुरतो. काहींना खराब थ्रोनंतर थोडा वेळ एकटं सोडावं लागतं. हे आधी ठरलेलं नसेल तर ते मैदानावर, तिघा अनोळखी माणसांसमोर ठरतं आणि तेव्हा सूर चांगला नसतो.

नियमांतलंही थोडं माहीत हवं. खेळाडूला एका वेळी एकच कॅडी घेता येतो. कॅडीला खेळाचे आणि स्पर्धेचे सगळे नियम लागू असतात, कपड्यांचेही. फेरीआधीच्या दोन मिनिटांच्या इशाऱ्यापासून स्कोअरकार्ड जमा होईपर्यंत कॅडीच्या वागण्याची जबाबदारी खेळाडूवर असते. वागणूक फारच बिघडली तर दोघेही बाद होऊ शकतात. त्यामुळे 'मी कुठे खेळतोय, एक बिअर घेतो' हा विचार गाडीतच सोडून या.

> तपासा: फाटकी जीन्स आणि बिनबाह्यांचा बनियन कपाटातच राहू द्या. मोठ्या स्पर्धांत कपड्यांचे नियम कडक असतात. शंका असेल तर टूर्नामेंट डायरेक्टरला, म्हणजे टीडीला, आदल्या दिवशी विचारा.

२. आदल्या रात्री: बॅग पाठ करा

कॅडी कामाचा ठरतो की ओझं होतो, हे बरंचसं या टप्प्यावर ठरतं. मित्राच्या घरी जा, बॅग रिकामी करा, सगळ्या डिस्क जमिनीवर मांडा आणि त्याला एकेक उचलून बोलायला लावा.

तो सांगेल त्यातलं निम्मं डोक्यावरून जाईल, हरकत नाही. तुम्हाला एवढंच धरायचं आहे: पटर जवळच्यासाठी, मिडरेंज मधल्या अंतरासाठी, फेअरवे ड्रायव्हर त्याच्या पुढे आणि डिस्टन्स ड्रायव्हर सगळ्यात लांब. बऱ्याच डिस्कवर चार आकडे छापलेले असतात, क्रमाने स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्याची डिस्क टर्नमुळे वेगात असताना उजवीकडे झुकते आणि वेग कमी झाला की फेडमुळे डावीकडे वळते. फेड जास्त आणि टर्न जवळपास नसलेली ती ओव्हरस्टेबल, सहज उजवीकडे वळणारी ती अंडरस्टेबल. तुमच्या कामापुरता हा अभ्यास पुरे.

आता खरी गोम. एकाच साच्याच्या दोन-तीन डिस्क एका बॅगेत असतात. डिस्ट्रॉयर नावाच्या डिस्टन्स ड्रायव्हरच्या दोन डिस्क असतील तर नवी शेवटी डावीकडे ठणकून वळते आणि झाडांवर आपटून झिजलेली बरीच सरळ जाते. नावावरून डिस्क दिली तर चुकीची देण्याची पुरेपूर शक्यता. म्हणून रंगाने लक्षात ठेवा: 'लाल नवी, निळी जुनी.' पटरचंही तसंच. पुष्कळ जण दोन पटर ठेवतात, एक बास्केटमध्ये टाकायचा आणि एक दुरून फेकायचा. बास्केटचा पटर दुरून फेकायला दिलात आणि तो तळ्यात गेला, तर उरलेली फेरी मित्र परक्या पटरवर खेळेल. कॅडीकडून होणाऱ्या चुकांत ही सगळ्यात महागडी.

मग बॅग भरा, पण त्याच्या सवयीच्या क्रमाने. तुम्हाला रंगसंगती बरी दिसते म्हणून क्रम बदलू नका. भरून झाली की परीक्षा घ्या: त्याने नाव घ्यायचं, तुम्ही न शोधता काढून द्यायची. न चुकता पाच-सहा निघाल्या की झोपायला जा.

बॅगेतल्या बाकीच्या वस्तू:

- तीन टॉवेल: एक डिस्कसाठी, एक हातांसाठी, एक प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा राखीव
- दोन मिनी, म्हणजे थ्रोची जागा दाखवायच्या छोट्या चकत्या. एक हमखास हरवते
- पाणी माणशी दोन-अडीच लिटर. उन्हाळ्यात मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत वेगळं
- छत्री, टोपी, बॅण्डेज, पेन, छोटी वही, फोनची पॉवर बँक
- हात कोरडा ठेवायची पावडरची पिशवी, तो वापरत असेल तर

खाण्याच्या बाबतीत आपलं प्रेम आड येतं. घरचा चिवडा, बेसनाचे लाडू, गुळाची चिक्की यांतलं काहीही फेरीत नको. तेल, तूप, गूळ बोटांना लागला की डिस्क सुटते. सालासकट केळं, कोरडे भाजलेले शेंगदाणे, बदाम असं द्या. लाडू गाडीत ठेवा, संध्याकाळी त्यांना मागणी येते. सनस्क्रीनचाही हाच त्रास: ते घरून निघतानाच लावायचं, आणि मैदानावर पुन्हा लावायची वेळ आली तर बोटं पुसून मगच डिस्क.

शेवटी कोर्सचा नकाशा. बहुतेक कोर्स यूडिस्क ॲपवर असतात, पण स्पर्धेसाठी बास्केटच्या जागा आणि हद्दी बदललेल्या असू शकतात. त्यामुळे आयोजकांचं पत्रक खरं मानायचं. होलगणिक एक ओळ वहीत लिहा: अंतर, ओबी म्हणजे हद्दीबाहेरची बाजू, आणि मँडो, म्हणजे बाण दाखवून 'याच बाजूने जा' सांगितलेलं झाड किंवा खांब. ड्रॉप झोन, म्हणजे डिस्क अशा ठिकाणी चुकल्यावर जिथून फेकायचं ती आखलेली जागा, कुठे आहे तेही. साउथ कॅरोलिनात रॉक हिलच्या विन्थ्रॉप कोर्सवर मोठ्या स्पर्धेसाठी पिवळ्या दोऱ्या लावून ओबी आखतात. अशा ठिकाणी दोरीची कुठली बाजू कुठली, हे लिहिलेलं नसेल तर गोंधळ उडतोच.

३. सकाळी: एक तास आधी

शॉटगन पद्धत असेल तर सगळी कार्डं एकाच वेळी वेगवेगळ्या होलांवरून सुरू होतात. तुमचं कार्ड ११व्या होलवर असेल आणि तिथवर पंधरा मिनिटांची चाल असेल, तर ती पंधरा मिनिटं आधीच वजा करा. टी-टाइम पद्धतीत वेळ ठरलेली असते. उशीर झाला तर चुकलेल्या प्रत्येक होलसाठी पार, म्हणजे त्या होलला अपेक्षित थ्रो, अधिक चार थ्रो मांडतात. चहाच्या रांगेपायी पार अधिक चार कुणाला परवडणार?

सरावाच्या वेळी तुमचं काम डिस्क गोळा करून आणायचं. तो पट, म्हणजे बास्केटमध्ये टाकायचा जवळचा थ्रो, करत असेल तर बास्केटपाशी बाजूला उभं राहा आणि डिस्क एकत्र करून हातात द्या. गप्पा मारायला हीच वेळ बरी. खेळाडूंच्या बैठकीत तुम्हीही उभे राहा, कारण तिथे सांगितलेला बदल मित्र दहा मिनिटांत विसरलेला असतो.

कार्डावरच्या बाकी तिघांना नाव सांगून ओळख करून द्या आणि 'मी याचा कॅडी' हे स्पष्ट सांगा.

> सावध: फेरी सुरू झाल्यावर सरावाचा थ्रो केला तर एक पेनल्टी थ्रो. वाट बघताना सहज चाळा म्हणून डिस्क भिरकावली तर तीही त्यात मोजली जाऊ शकते. म्हणून फेरीत एकमेकांकडे डिस्क टाकू नका, चालत जाऊन हातात द्या.

४. प्रत्येक थ्रोचा क्रम

हाच क्रम फेरीत साठ-सत्तर वेळा येतो, त्यामुळे इथे जरा थांबून वाचा. खेळाडूला थ्रोसाठी ३० सेकंद असतात. त्याच्या आधीच्या खेळाडूने फेकलं, याला आपल्या जागी पोचून जागा ठरवायला वाजवी वेळ मिळाला आणि समोरचा भाग मोकळा झाला की वेळ मोजायला सुरुवात. पहिल्यांदा ओलांडली तर ताकीद, त्यानंतर दरवेळी एक पेनल्टी थ्रो. म्हणजे तुमची सगळी कामं ते ३० सेकंद सुरू व्हायच्या आत उरकलेली हवीत.

1. चालतानाच बघा. डिस्क कुठे पडली, मध्ये फांदी आहे का, बास्केट चढावर आहे का. मित्र रागात असेल तर तो हे बघत नसतो, म्हणून तुम्ही बघायचं.

2. बॅग ठेवा, पण कुठे ते बघून. त्याच्या हाताच्या अंतरावर, मात्र कुणाच्याही थ्रोच्या वाटेत नाही. कुणाची डिस्क येऊन बॅगेवर आपटेल अशा जागी सामान किंवा माणूस असायलाच नको. दुसऱ्या खेळाडूने बॅग हलवायला सांगितली तर वाद न घालता हलवा. नकार देणं हा शिष्टाचाराचा भंग धरतात.

3. पडलेली डिस्क उचलू नका. नव्या कॅडीचा हात इथेच शिवशिवतो. ती डिस्क म्हणजेच जागेची खूण आहे. मित्र तिच्यापुढे, तिला टेकवून मिनी ठेवेल आणि मग डिस्क उचलेल किंवा तुम्हाला उचल म्हणेल. उभं राहायची जागा त्या खुणेच्या मागे २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब एवढीच असते, त्यामुळे खूण चार बोटं सरकली तरी सगळं बदलतं. दुसऱ्याच्या डिस्कला तर पायही लागू देऊ नका. चुकून हलली तर लगेच सांगा, ती होती तिथे परत ठेवतात. जाणूनबुजून हलवली तर दोन पेनल्टी थ्रो.

4. तीन गोष्टी सांगा: अंतर, वारा, धोका. 'बास्केट ७० मीटर, वारा समोरून, उजवीकडे ओबी.' बस. रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, वापरायला हरकत नाही, पण त्यासाठी ३० सेकंदांतले वीस घालवू नका.

5. डिस्क पुसून, सरळ बाजू वर करून हातात द्या. दोघांत ठरत नसेल तर दोन्ही डिस्क घेऊन उभं राहा. त्याने एक घेतली की दुसरी लगेच बॅगेत. दिल्यावर 'नक्की ना?' विचारू नका.

6. बाजूला व्हा आणि थिजा. उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्याची छाती टीवर डावीकडे असते. म्हणून तुम्ही उजवीकडे, त्याच्या पाठीच्या बाजूला आणि टीपॅडच्या रेषेच्या मागे उभं राहायचं. अगदी सरळ मागे नको, कारण हात मागे नेताना त्याची मान तुमच्याकडेच वळते. डावखुऱ्यासाठी उलट. हा नियम बाकी तिघांच्या थ्रोलाही लागू. पिशवीची चेन, वेल्क्रो, वेफर्सचं पाकीट, फोन, सगळं बंद. कुणाचं लक्ष विचलित झालं तर पहिल्यांदा ताकीद, पुढे पेनल्टी थ्रो.

7. डिस्क थांबेपर्यंत नजर काढू नका. मित्र वैतागून मान फिरवतो किंवा गुडघ्यावर हात ठेवून खाली बघतो. तेव्हा तुम्ही बघत राहायचं: कुठल्या झाडावर आपटली, कुठल्या बाजूला गेली, मागे खूण काय. 'वाकड्या खोडाच्या डावीकडे, पांढऱ्या दगडापाशी' एवढं मनात नोंदवून मगच चालायला लागा.

8. वापरलेली डिस्क पुसून तिच्याच कप्प्यात. दुसऱ्या कप्प्यात गेली की सहाव्या होलवर सापडत नाही.

> तपासा: तिसऱ्या होलनंतर स्वतःला विचारा, माझ्यामुळे मित्राला वाट बघावी लागली का? लागली असेल तर तुम्ही त्याच्या मागे चालताय. बॅग घेऊन दोन पावलं पुढे राहा.

बास्केटजवळ

बास्केटपासून १० मीटरच्या आत खेळाडूने पट केल्यावर तोल सांभाळून स्थिर झालोय हे दाखवलं पाहिजे, आणि त्यानंतरच खुणेच्या पुढे पाऊल टाकायचं. पट पडला म्हणून तुम्ही आनंदाने त्याच्या पाठीवर थाप मारलीत आणि तो पुढे झुकला, तर पेनल्टी त्याला. टाळी थोडी थांबून. बास्केटच्या मागे, समोरच्याच्या नजरेच्या रेषेत उभे राहू नका. सकाळी आणि संध्याकाळी तुमची लांब सावलीही त्या रेषेत येते. साखळ्यांत अडकलेली डिस्क थांबल्याशिवाय हात लावू नका.

फांदी आडवी येत असेल तर ती धरून ठेवायची नाही, वाकवायची नाही, मोडायची तर नाहीच. उभं राहायच्या जागेवर किंवा तिच्या मागे पडलेली सुटी काटकी, दगड, पाला बाजूला करता येतो. जागेच्या पुढचं तसंच राहू द्यायचं.

५. बोलायचं कधी, गप्प कधी

क्रिकेटमध्ये ड्रिंक्स घेऊन धावत येणारा बारावा खेळाडू बॅट कशी धरायची ते शिकवत नाही, निरोप देतो आणि परत जातो. तेवढाच तुमचा आवाका. सल्ला द्यायला नियमांची आडकाठी नाही, आडकाठी आहे ती वेळेची.

तंत्रावर फेरीत एक शब्दही नको. 'खांदा लवकर उघडतोयस' हे खरं असलं तरी पुढच्या थ्रोत तो खांद्याचाच विचार करेल. ते मंगळवारच्या सरावासाठी राखून ठेवा. 'पाण्यात टाकू नकोस' असंही म्हणू नका. त्याऐवजी कुठे टाकायचं ते सांगा: 'त्या दोन झाडांच्या मधली फट.' डावपेचांत मत द्यायचंच असेल तर एकदा, छोटं, आणि त्याने नाही म्हटलं की विषय संपला. पुढे तो फसला तरी 'मी म्हणालो होतो' हे वाक्य तुमच्या तोंडून येता कामा नये. माझ्या मते कॅडी पुन्हा बोलावला जातो की नाही, हे याच वाक्यावर ठरतं.

खराब होलनंतर पुढच्या टीपर्यंत चालताना पाण्याची बाटली पुढे करा आणि खेळ सोडून काहीतरी बोला. एका होलचा राग पुढच्या तीन होलांवर निघतो. तो तोडायला मराठी कामाला येतं, कारण दोघांनाच कळतं. पण कार्डावरच्या इतरांसमोर सतत मराठीत कुजबुजू नका. आपल्याबद्दल बोलताहेत असं त्यांना वाटतं, आणि नियमाचा वाद आला की त्याच लोकांचं मत लागतं.

आघाडीवर असताना स्कोअर सांगायचा का? विचारल्याशिवाय नाही. फोनवर इतर कार्डांचे आकडे दिसत असतात आणि सांगायचा मोह होतो, तो आवरा.

६. डिस्क हरवली, ओबी गेली, वाद झाला

शोध सुरू झाला की कार्डावरचा कुणीही वेळ लावतो आणि तसं जाहीर करतो. तीन मिनिटांत डिस्क सापडली नाही तर ती हरवली: एक पेनल्टी थ्रो आणि मागच्या जागेवरून पुन्हा. थ्रो केला तेव्हाच शंका असेल तर मित्राला प्रोव्हिजनल, म्हणजे डिस्क सापडली नाही तर धरायच्या राखीव थ्रोची आठवण करा. तो कार्डाला सांगून टाकायचा असतो, मग परत मागे चालत यावं लागत नाही. शोधताना सगळे एकाच झुडपाभोवती जमतात. तुम्ही तुमच्या खुणेच्या रेषेत जा, आणि आधी अलीकडे, मग पलीकडे बघा. डिस्क झाडावर आपटल्यावर वाटते त्यापेक्षा अलीकडेच पडलेली असते. दाट झाडीच्या होलवर कार्डाला विचारून तुम्ही आधीच पुढे जाऊन झाडाआड उभे राहिलात तर हा प्रसंगच टळतो.

दुसऱ्याची डिस्क शोधायलाही तितक्याच मनापासून वाका. नाहीतर तुमच्या वेळी कोण वाकणार?

ओबीत तुमचे डोळे सोन्याचे. पूर्ण डिस्क ओबीच्या भागाने वेढलेली असेल तरच ती ओबी. रेषेच्या आत जराशी असली तरी वाचली. ओबी झाली की एक पेनल्टी थ्रो आणि मग साधारणपणे पर्याय दोन: मागची जागा, किंवा डिस्क शेवटची हद्दीत जिथे होती तिथून एक मीटर आतपर्यंत. ती जागा नेमकी कुठे, हे डिस्क उडताना नीट बघणाराच सांगू शकतो. विचारलं तर सांगा आणि थांबा. निर्णय कार्डावरच्या खेळाडूंचा, त्यांत जमलं नाही तर अधिकाऱ्याचा. कॅडीला मत नाही. ओरडून 'इन आहे, इन आहे' म्हणणाऱ्या कॅडीमुळे उलट संशयच वाढतो. आणि थ्रो करताना तुमच्या मित्राचा पाय ठरलेल्या जागेबाहेर पडलेला दिसला तर? खोटं बोलू नका. विचारलं तर जे दिसलं ते सांगा. तो घरी जाताना रुसेल, पण तुमच्या शब्दाला कार्डावर किंमत राहील.

> सावध: डिस्क तळ्यात गेली तर फेरी चालू असताना पाण्यात उतरू नका. बहुतेक डिस्क बुडतात. मॅसॅच्युसेट्समधल्या मेपल हिलसारख्या तळ्यांच्या कोर्सवर हा मोह दर दोन होलांनी होतो. जागा लक्षात ठेवा, संध्याकाळी या. ओले बूट घालून उरलेल्या दहा होलांची बॅग वाहायची आहे.

७. हवा, ऊन, पाऊस आणि विषारी पाला

समोरचा वारा डिस्कला जास्त अंडरस्टेबल करतो, म्हणजे ती उजवीकडे लवकर झुकते. मागचा वारा उलट, डिस्क लवकर खाली बसते आणि डावीकडे वळते. समोरून वारा असेल तर ओव्हरस्टेबल डिस्क हातात तयार ठेवा. टीवरचा वारा आणि बास्केटचा वारा वेगळा असू शकतो. सांताक्रूझच्या डेलाविएगा कोर्सवर २७व्या होलला, ज्याला 'टॉप ऑफ द वर्ल्ड' म्हणतात, टेकडीवरून खाली फेकताना हे चांगलंच कळतं. गवत उडवून बघण्यापेक्षा बास्केटजवळच्या झाडांचे शेंडे बघा.

पावसात टॉवेल बॅगेच्या बाहेर लटकवू नका. राखीव टॉवेल पिशवीत, छत्री त्याच्या डोक्यावर, आणि तो जागेवर उभा राहिला की छत्री घेऊन मागे. थ्रो झाला की परत. तुम्ही भिजणार आहात हे धरून चाला, त्याचा हात आणि डिस्कची कडा कोरडी राहिली म्हणजे झालं. वीज कडाडत असेल आणि खेळ थांबवायचा भोंगा वाजला, तर जागेची खूण ठेवून ताबडतोब आडोसा गाठा. झाडाखाली मात्र नाही.

टेक्सासच्या उन्हात 'तहान लागली की सांग' चालत नाही. दर दुसऱ्या होलला बाटली पुढे करा. स्वतःही प्या. कॅडी कोसळला तर सगळंच थांबतं.

कॅलिफोर्नियात पॉइझन ओक आणि पूर्वेकडे पॉइझन आयव्ही ही झाडं ओळखायला शिका: दोन्हींची पानं तीन-तीनच्या गुच्छात. यांचं तेल कातडीला लागलं की खाज आणि फोड येतात. डेलाविएगात फेअरवेच्या, म्हणजे टी ते बास्केटमधल्या मोकळ्या वाटेच्या, कडेला हे भरपूर आहे. लक्षात न येणारा धोका असा की ते तेल डिस्कवर बसतं, तुम्ही टॉवेलने पुसता, आणि तोच टॉवेल दिवसभर मित्राच्या हाताला लागतो. झुडपातून काढलेल्या डिस्कसाठी टाकाऊ फडकं किंवा ओले वाइप्स वेगळे ठेवा आणि नंतर हात साबणाने धुवा. लांब पँट, लांब मोजे. ईशान्येकडच्या राज्यांत गोचिडींसाठीही तोच उपाय, आणि संध्याकाळी गुडघ्यामागे, कमरेशी नीट बघायचं.

८. स्कोअर

प्रत्येक होल झाला की पुढच्या टीवर जायच्या आत आकडे मोठ्याने सांगतात. वहीत तुमच्या मित्राचे थ्रो रेघांनी मोजा, पेनल्टीची रेघ वेगळ्या खुणेने. स्कोअरकार्डाचा आकडा आणि तुमचा आकडा जुळत नसेल तर त्याच क्षणी मित्राला सांगा, पाच होलांनंतर कुणालाच काही आठवत नाही. आकडा तुमच्या मित्राच्या फायद्याचा चुकला असेल तरी सांगायचंच, कारण चुकीचं स्कोअरकार्ड जमा झालं तर दोन पेनल्टी थ्रो आणि नाव खराब होतं ते वेगळंच.

फेरी संपली की आधी स्कोअरकार्ड, मग पाणी, मग गप्पा. फेरी संपल्यापासून ३० मिनिटांत कार्ड जमा करायचं असतं, उशिराला पुन्हा दोन पेनल्टी थ्रो. फोनवर स्कोअर भरलेला असेल तर जमा करायचं बटण दाबून झालंय, हे डोळ्यांनी बघा.

९. दोन फेऱ्यांच्या मध्ये आणि शेवटी

दुसरी फेरी असेल तर मित्राला बसवा, खायला द्या, आणि तुम्ही बॅग रिकामी करा. डिस्क मोजा. एखादी कमी भरली तर शेवटी कुठे वापरली ते आत्ताच आठवेल. ओले टॉवेल बदला, बाटल्या भरा. बॅग उन्हात बंद गाडीत ठेवू नका, तापून डिस्क वाकतात. पहिल्या फेरीची चिरफाड त्याने सुरू केली तर ऐका, तुम्ही सुरू करू नका. दुसऱ्या फेरीत कार्ड बहुधा बदलतं, त्यामुळे पुन्हा ओळख, पुन्हा 'मी याचा कॅडी'.

शेवटच्या फेरीनंतर बॅग परत देताना पुन्हा मोजणी: डिस्क, दोन मिनी, रेंजफाइंडर, टॉवेल. दुसऱ्याची डिस्क चुकून आली असेल तर मागच्या बाजूला नाव आणि नंबर लिहिलेला असतो. त्या नंबरवर फोन करा किंवा टीडीच्या टेबलावर ठेवून या.